वेशीबाहेरची चौथी रात्र

मथुराबाईंनी चुलीत पाणी शिंपडलं, राख एकदा फुसफुसली आणि घरातलं शेवटचं काम संपलं. आता दार नुसतं लोटून घ्यायचं, कुलूप नाही की कडी नाही, आणि ढोल वाजला की निघायचं.

खारवण्यात दर चार वर्षांनी, मार्गशीर्षात, देव कौल देतो आणि अख्खा गाव घरंदारं सोडून वेशीबाहेर सड्यावर, गावावरच्या कातळमाळावर, जाऊन राहतो. तीन रात्री. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. तेवढे दिवस गाव देवाचा. का, हे विचाराल तर जितकी तोंडं तितकी कारणं. पण गावपळण चुकवलेली कोणाला आठवत नाही. मुंबईचे चाकरमानी एखाद्या वर्षी गणपतीला येणार नाहीत, गावपळणीला मात्र पोराबाळांसकट हजर. सड्यावरच्या मोकळ्या कातळावर माडाच्या चुडतांच्या खोपी घालायच्या, उघड्यावर रांधायचं, फुगड्या, भजनं, गप्पा, आणि चौथ्या दिवशी पुन्हा कौल घेऊन घरी.

दिव्या माजघरात लेकीचा हात धरून बसली होती. तिने काळ्या मार्करने तन्वीच्या हातावर, कोपराच्या खाली, आधी स्वतःचा फोन नंबर लिहिला, मग नवऱ्याचा आणि त्याखाली रक्तगट. पाच वर्षांची तन्वी गुदगुल्या होत असूनही हलली नाही. आईचं काम चाललेलं असताना हलायचं नसतं, हे ती शिकली होती.

"ह्या काय गो चेडवाच्या हातार?" मथुराबाईंनी दारातून विचारलं.

"नंबर लिवलंय, आई. गर्दीत चुकला-बिकला तर."

"चुकतला? हयसर? आगो, हिका खारवण्यातले कुत्रे सुदिक ओळखतत!" सासूबाई जवळ येऊन वाकल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. "पूस बघू ता. इस्पितळात मेल्या माणसाच्या पायाक चिठी बांधतत, तशा दिसता. घरातसून निघताना असला काय करू नये."

दिव्याने मार्करचं टोपण लावलं. ती शाई पुसली जात नाही, म्हणून तर तिने तो मार्कर घेतला होता.

बाहेर ढोल घुमला. ढोलाच्या मागून भाई गावकर आले, गावचे मानकरी, सत्तरीतले, आवाज अजून बंदरावर हाक मारण्याइतका. दिव्याच्या पाठीवरची सॅक बघून ते थबकले. सॅकच्या एका बाजूला पाण्याच्या बाटल्या, दुसऱ्या बाजूला शिट्टी आणि विजेरी, वर घट्ट गुंडाळलेलं प्लास्टिक. आत घराची कागदपत्रं, औषधं आणि कॅमेरा होता.

"सूनबाय, गावपळण आसा गो, लढाई नाय!" भाई ओरडले. "बाकीची मंडळी कोंबे घेवन चलली, तू काय दारूगोळो घेतलंस?"

अंगणातली माणसं हसली. दिव्याही हसली, जेवढं हसावं लागतं तेवढं.

भाईंना तिचं काम ऐकून ठाऊक होतं. दिव्या मूळची वेंगुर्ल्याची, बंदराजवळच्या घरात वाढलेली. पुण्याला पत्रकारिता शिकली आणि पुढे जिथे माणसं माणसांवर गोळ्या झाडतात तिथे जाऊन फोटो काढायचं काम तिने पत्करलं. जंगलात, सरहद्दीवर, एकदोनदा देशाबाहेरही. तिचं नाव झालं. नाव झालं म्हणजे एवढंच, की कुठे काही पेटलं की दिल्लीहून तिला फोन यायचा. तन्वीच्या वेळी चौथा महिना लागेपर्यंत ती जात होती. शेवटचा गाजलेला फोटो ईशान्येकडच्या एका डोंगरी गावातला. गाव रातोरात पळालेलं. एका घराचं दार अर्धवट उघडं, अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या तशाच, आणि माणूस एकही नाही. त्या फोटोला बक्षीस मिळालं. डोहाळे कडक आहेत असं कळवून ती ते घ्यायला गेली नाही, आणि डोहाळे खरोखरच कडक होते.

त्यानंतर ते काम सुटलं. आता ती सावंतवाडीच्या एका कॉलेजात फोटोग्राफी शिकवते. मुलांना प्रकाश शिकवते, भिंगं शिकवते, पण पहिल्याच तासाला या खोलीतून बाहेर पडायच्या वाटा किती ते मोजायला लावते. मुलं हसतात. शिवाय पीएच.डी. चालू आहे. फोटोतली माणसं पुढे कुठे गेली, हा विषय. संध्याकाळी जुने फोटो लॅपटॉपवर उघडायचे आणि दूरच्या छावण्यांमध्ये फोन लावत बसायचं, ती भाषा येणाऱ्या कोणाला तरी मध्ये घालून. बहुतेक फोन लागत नाहीत. आणि यातून वेळ काढून ती धावते. आंबोलीचा घाट चढत धावते, हिवाळ्यात कुठे डोंगरातली लांब शर्यत असली तर तिथे जाऊन दिवस मावळेपर्यंत धावते. लोक म्हणतात, केवढी ताकद! तिचा नवरा दत्तप्रसाद, काजूच्या कलमांमध्ये नोकरी करणारा सावकाश माणूस, एकदा नुसतं एवढंच म्हणाला होता, "तू दमायला जातेस." त्याचं खरं होतं. दमलेली ती एरवीही असायचीच, बारा महिने. धावून आल्यावर निदान कोणी का दमलीस म्हणून विचारत नसे.

पीएच.डी.च्या मार्गदर्शक बाईंना गावपळणीचं कळलं तेव्हा त्या फोनवर खूश झाल्या होत्या. "अहो, तुमच्या सासरचं गावच रिकामं होतं! मला आतले फोटो हवेत." दिव्याने भाईंना विचारून पाहिलं होतं. "आत माणूस रवाचो नाय आणि माणसाचो कॅमेरो पण रवाचो नाय," भाई म्हणाले होते, आणि तिने वाद घातला नव्हता. वाद घालण्याएवढा दम तिच्यात राहिला नव्हता. तरी कॅमेरा आणि लांबचं भिंग तिने सॅकमध्ये टाकलंच. तिच्या सॅकमध्ये ते नाही असं कधी झालं नव्हतं.

माणसांची रांग वेशीपाशी आली. वेस म्हणजे शेंदूर फासलेला एक दगड, त्याच्यापुढे फोडलेले नारळ. पुढे मथुराबाईंच्या डोक्यावर भांड्यांची पाटी, मागे सासरे हरिश्चंद्र, तन्वीचे आबा, गाय घेऊन, त्यांच्यामागे दत्तप्रसाद कोंबड्यांची पाटी सांभाळत. तन्वी आजीचा पदर सोडून मागे आईकडे आली.

"आई, आपण परत येणार ना?"

"चौथ्या दिवशी."

"आणि घर असेल?"

दिव्याचं पाऊल थांबलं. श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ, पण थांबलं. तिने पाहिलेल्या प्रत्येक छावणीत कोणीतरी साहेब गाडीतून उतरायचा आणि सांगायचा, लवकरच आपापल्या घरी जाल. तेच वाक्य इतक्या भाषांमधून ऐकलं होतं की पुढेपुढे भाषा न कळताही ते कळायचं. म्हणून तिने स्वतःला एक नियम घालून घेतला होता, जे आपल्याला दिसत नाही ते कोणाला सांगायचं नाही. काम सुटलं तरी हा नियम सुटला नव्हता.

"असायला हवं," ती म्हणाली.

तन्वीने मान डोलावली. पोरगी आईवर गेली होती. शब्दांपेक्षा ते थांबणं तिने आधी टिपलं.

सड्यावर मजाच मजा होती. खोपीला खोप लागलेली, कातळावर चुली पेटलेल्या, मोरी माशाच्या आमटीचा वास दूरवर पसरलेला. हरिश्चंद्र एरवी घरात चार शब्द बोलायचे नाहीत, ते इथे गंजिफ्याच्या डावात कोणाच्या तरी आईवरून बोलत होते. मथुराबाई बायकांच्या घोळक्यात बसून जमलेल्या सगळ्या सुनांचा हिशेब करत होत्या. "आमची दिव्या? आमची पळता. घोव सायकलीर बसून मागसून जाता आणि तिका पाणी पाजता," असं त्या सांगत, आणि त्यात तक्रार किती, ऐट किती ते कळत नसे.

पहिल्या रात्री तन्वी बूट घालून झोपली. दिव्याने काढायला हात लावला तर तिने पाय पोटाशी घेतले. "तू पण झोपायचीस ना, तिकडे? बाबांनी सांगितलंय. पळायला लागलं तर."

हे दत्तप्रसादने कौतुकाने सांगितलं होतं, गोष्ट म्हणून. दिव्याने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. तिच्याही पायात बूट होते. सड्यावर विंचू असतात, असं तिने सकाळी सासूबाईंना सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी तन्वी इतर मुलांचे हात उलटेपालटे करून बघत होती. "तुझा नंबर कुठाय?" ती एकेकाला विचारत होती. "नंबर नसला तर तुला कोण शोधणार?" संध्याकाळपर्यंत दोन मुलं रडत आपापल्या आयांकडे गेली, आणि त्यातली एक आई दिव्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "शिकलेली माणसां. पोरांक काय काय शिकयतत ती." मथुराबाईंनी खोबरेल तेल लावून तन्वीचा हात चोळचोळ चोळला. शाई निम्मी गेली, निम्मी राहिली, आणि मुलगी आणखीच घाबरली. आता नंबर अर्धाच होता.

तिसऱ्या दिवशी तिने जेवण टाकलं. ताटात तळलेला बांगडा तसाच.

चौथ्या दिवशी सकाळी भाई, गुरव आणि मोजके मानकरी कौल घ्यायला आत देवळात गेले. देवाच्या पाषाणाला तांदळाचे दाणे चिकटवतात. उजवा दाणा आधी सुटला तर गावाने परतायचं, डावा सुटला तर आणखी एक रात्र बाहेर. सड्यावर माणसांनी खोपी सोडायला घेतल्या होत्या, बायका भांडी घासून पाट्या भरत होत्या, आणि तेवढ्यात भाई वेशीवरून परत येताना दिसले. ढोल वाजत नव्हता.

"मंडळीनू," भाई दुरूनच ओरडले, "डावो पडलो! आजून एक रात!"

एकदम गलका झाला. तो दुःखाचा नव्हता. "देवाक आमची कटकट नको झाली वाटता!" कोणीतरी म्हणालं. मुंबईहून आलेला एक जण डोक्याला हात लावून उभा होता, "साहेबाक काय सांगू रे? देवान रजा वाढवल्यान?" "सांग त्येका, तू पण ये म्हणान!" पाट्या पुन्हा उघडल्या, कोणी मासे आणायला सायकल काढली.

तन्वी खोपीत जाऊन बसली. पाठीवर तिची छोटी सॅक, पायात बूट, गुडघे छातीशी. दत्तप्रसाद आत वाकला.

"काय झालं रे माझ्या बाळाला?"

"घर नाहीये," तन्वी म्हणाली. "म्हणून आत सोडत नाहीत. तुम्ही सांगत नाही."

"कोण म्हणालं? आहे की घर!"

"आगो बाय माझे," मथुराबाई मागून म्हणाल्या, "घर काय पाय फुटान खंय पळतला? आसा, आसा. उगीच काय्येक बोलू नको. ऊठ, पेज खा."

तन्वीने दोघांकडे पाहिलंही नाही. तिचे डोळे दिव्यावर होते. "आजीला काय माहीत? ती इथेच होती. आई, तू सांग."

दिव्या दाराशी उभी होती. सांगायचं फक्त हो. ते तोंडात आलंही, आणि तिथेच अडकलं. गेल्या तीन रात्री ती चुडतांच्या फटीतून खाली गावाच्या दिशेला बघत जागी होती. वाऱ्याने काय झालं असेल, न विझलेला निखारा कुठे राहिला असेल का, शॉर्टसर्किट, एखादा भुरटा. घर आहे हे तिला तरी कुठे माहीत होतं?

"मी बघून येते," ती म्हणाली.

दत्तप्रसादने तिला बाजूला घेतलं. तो सहसा आवाज चढवत नाही, आणि आताही चढवला नाही.

"बघून येते म्हणजे? वेशीच्या आत जाणारेस?"

"आत नाही. पुलावरून पलीकडे जाईन. खाडीच्या त्या काठावरून आपलं अंगण समोर दिसतं. लांबचं भिंग आहे. फोटो काढते आणि तिला दाखवते."

"अगं, पलीकडे माझा मित्र आहे, त्याला फोन करतो. तो मोबाइलवर काढून पाठवेल."

"नको. मी जाते."

"मग स्कूटर ने."

"खारबंधाऱ्यावर स्कूटर जात नाही."

"दिव्या." त्याने तिच्या हातातला कॅमेऱ्याचा पट्टा धरला. "ती पाच वर्षांची आहे. ती काय तुझ्या प्रबंधातली साक्षीदार आहे पुरावे द्यायला? एक हो म्हण. संपलं."

"आणि खोटं ठरलं तर?"

"आपलं घर?" तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने पट्टा सोडला. "तिला तुझ्याकडून काय काय मिळतंय ते जरा बघ. नाक मिळालंय, ते ठीक आहे. बाकीचं तरी तुझ्याकडेच ठेव."

हे लागलं. लागलं म्हणूनच ती लगेच धावायला लागली.

सड्यावरून खाली डांबरी रस्ता, रस्त्याने पुलापर्यंत, पूल ओलांडून पलीकडच्या गावात आणि तिथून खाडीकाठच्या बंधाऱ्याने उलट मागे. ऊन डोक्यावर होतं. कॅमेरा पाठीवर आपटत होता. तीन रात्री न झोपलेले पाय जड पडत होते, पण पाय जड असताना कसं धावायचं हे तिला चांगलं येत होतं. डोकं बंद करायचं आणि पुढचा माड तेवढा बघायचा, मग त्याच्या पुढचा. पण आज डोकं बंद होत नव्हतं. बाकीचं तरी तुझ्याकडेच ठेव. तन्वी झोपेतही मूठ घट्ट धरते. जत्रेत फटाका वाजला तर पोरगी आधी जमिनीवर बसते आणि मग रडते. हे तिने कोणाकडून घेतलं? दिव्याला वाटायचं, आपण तिला काही सांगितलेलं नाही, काही दाखवलेलं नाही, म्हणजे तिच्यापर्यंत काही पोचलेलं नाही.

बंधाऱ्याखाली एक बाई गुडघाभर चिखलात कालवं काढत होती. तिने मान वर केली.

"खंय धावतंस गो? मागे वाघ लागलोहा काय?"

"घर बघूक," दिव्या धापा टाकत म्हणाली.

"कोणाचा?"

"आमचाच. पलीकडे, खारवण्यात."

बाईने खाडीपलीकडे पाहिलं, मग दिव्याकडे, मग पुन्हा चिखलात हात घातला. "तुमची गावपळण म्हणजे एक एक," ती पुटपुटली.

अंगणाच्या बरोबर समोर येऊन दिव्या थांबली. माडांच्या फटीतून घर दिसत होतं. कौलं जागच्या जागी. तुळस. गोठा. ती बंधाऱ्यावर गुडघे टेकून बसली, कोपर मांडीवर रोवलं, भिंग लावलं, श्वास अर्धा सोडून थांबवला आणि फोटो काढले. हात बिलकूल हलले नाहीत. या एका कामात ते कधी हलत नसत.

परत येईपर्यंत उन्हं कलली होती. दत्तप्रसादने तिला पाण्याचा तांब्या दिला. ती तशीच खोपीत शिरली आणि तन्वीजवळ बसून कॅमेऱ्याचा पडदा तिच्यापुढे धरला.

"हे बघ. आत्ता काढला. आहे ना घर?"

तन्वीने पडदा दोन्ही हातांत धरला. खूप वेळ बघितलं. आई बघते तसं, आधी कडा आणि मग मधलं.

"ह्यात कोणी नाही," ती म्हणाली.

"कोणी कसं असेल? आपण सगळे इथे आहोत ना."

"दार उघडं आहे."

"वाऱ्याने उघडलं असेल. आजीने नुसतं लोटलं होतं, आठवतं?"

"गोधडी बाहेर राहिली आहे."

खरंच राहिली होती. अंगणातल्या दोरीवर मथुराबाईंची गोधडी तशीच वाळत होती. तन्वीचा खालचा ओठ थरथरायला लागला. "तू त्या मिरच्यांच्या घराचा पण असाच काढलास. लॅपटॉपमध्ये आहे. मी तुला विचारलं होतं, ती माणसं कुठे गेली. तू म्हणालीस, माहीत नाही."

दिव्याने कॅमेरा आपल्याकडे वळवला. आणि तिला दिसलं. दार तसंच डाव्या बाजूला, अर्धवट उघडं, आत काळोख. अंगण रिकामं, आणि त्या रिकामेपणाला जास्त जागा मिळावी म्हणून घर जरासं वर ढकललेलं. समोर अख्खा काठ होता. शेजारचा गोठा घेता आला असता, तुळस मध्ये धरता आली असती, आंब्याखालचा झोपाळा घेता आला असता. ज्या घरात ती लग्न होऊन आली, ज्या ओटीवर तिने तन्वीला पहिल्यांदा पालथं पडताना पाहिलं, त्या घराचा तिने पळून गेलेल्या माणसांचं घर म्हणून फोटो काढून आणला होता. तो उत्तम होता. मार्गदर्शक बाईंना असाच हवा होता.

तिने कॅमेरा बंद केला आणि सॅकमध्ये न ठेवता तसाच चटईवर ठेवला.

बाहेर कोणीतरी ढोलकीला पीठ लावत होतं. मथुराबाई कोणाकडे तरी आमटीसाठी तिरफळं मागत होत्या. तन्वी हुंदके गिळत होती. तिला मोठ्याने रडता येत नव्हतं, हेही दिव्याला आत्ताच दिसलं.

"तन्वी, माझ्याकडे बघ. घर आहे."

"तुला दिसलं म्हणून?"

"नाही. दिसलं म्हणून नाही सांगत." दिव्याने कॅमेरा चटईवर आणखी मागे सरकवला. "मी उगीच गेले बघायला. घर आहे. आणि आपण परत जायचं. उद्या. उद्या देव नाही म्हणाला तर परवा. पण जायचं, आणि आजी चूल पेटवणार, आणि तू तुझ्या ओटीवर झोपणार."

"नक्की?"

हा शब्द तिने कितीतरी वर्षांत उच्चारला नव्हता. विद्यार्थी विचारायचे, मॅडम परीक्षा नक्की सोमवारी? तेव्हाही ती म्हणायची, बहुतेक. नवरा विचारायचा, येतेस ना नक्की? ती म्हणायची, बघते.

"नक्की," ती म्हणाली.

तन्वीने तिच्या चेहऱ्याकडे बघून घेतलं. कुठे काही थांबतंय का, ते शोधत होती. मग तिने आपल्या पायांकडे पाहिलं, मग आईच्या.

"मग तू बूट काढ."

दिव्याने हात खाली नेला. नाड्यांना खाडीचा चिखल लागून वाळला होता, गाठी दगडासारख्या झाल्या होत्या. एक गाठ सुटली, दुसरी सुटेना. दत्तप्रसाद दारातून हे बघत होता. तो आत येऊन खाली बसला आणि दातांनी गाठ सोडवली. "शी! बाबा!" तन्वी म्हणाली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज नेहमीसारखा आला. मग तिने स्वतःचे बूट काढून आईच्या बुटांशेजारी ठेवले. तिच्या पायांवर मोज्यांच्या काठाचे लाल वळ उठले होते. दिव्या ते चोळत राहिली. चोळता चोळता कधीतरी तिचा हात थांबला.

दिवस अजून पुरता बुडाला नव्हता. मथुराबाई पेजेची वाटी घेऊन आत आल्या तर सून आणि नात दोघी चटईवर आडव्या, एकीचा पाय दुसरीच्या पोटावर. "ही निजली? हिका झोप येता?" त्या नवलाने म्हणाल्या. त्यांनी दिव्याच्या नाकापुढे बोट धरून श्वास चालू असल्याची खात्री करून घेतली, मग पेज स्वतःच पिऊन टाकली.

दिव्याला जाग आली ती उजेडाने. डोळ्यांवर ऊन आलं होतं, कारण वरची चुडतं कोणीतरी काढून नेली होती. आवाज कसलाच नव्हता. ती दचकून उठून बसली. आजूबाजूच्या खोपी मोडलेल्या, चुलींची राख थंड, सड्यावर एकही माणूस नाही. क्षणभर तिला कळेना आपण कुठल्या गावात आहोत.

शेजारी तन्वी बसून खाजं खात होती. गूळ कोपरापर्यंत ओघळून उरल्यासुरल्या आकड्यांवर आला होता.

"सगळे कुठे गेले?"

"घरी. उजवा पडला. ढोल केवढ्यांदा वाजला, तू उठलीच नाहीस. भाई आजोबा म्हणाले, हिच्या कानाशी तोफ लावा. आबा म्हणाले, कोणी उठवू नका." तन्वीने बोट चाटलं. "मी राखण करत बसले."

"बाबा?"

"कोंबड्या सोडायला पुढे गेले. आत्ता येतील."

ढोल वाजला आणि आपण उठलो नाही. एवढी माणसं, एवढी गुरं अंगावरून गेली. दिव्याने हे दोनदा मनात म्हणून पाहिलं. मग सवयीने बूट चाचपले. बूट नव्हते. सॅकही नव्हती.

"आजीने पाटीत घालून नेले," तन्वी म्हणाली. "म्हणाली, आता चलत येतली झक मारत."

त्या निघाल्या. कातळ उन्हाने अजून तापला नव्हता, पण खडे बोचत होते, आणि दिव्याला पाऊल जपून टाकावं लागत होतं. अंग असं दुखत होतं की जणू दहा वर्षांचं दुखणं एका झोपेनं जागं केलं. वेशीच्या दगडापाशी ताजे नारळ फोडलेले होते. तन्वीने तिचा हात सोडला आणि ती उताराने पळत सुटली, अनवाणी, पाठीवर सॅक नाही, काही नाही.

"तन्वी, हळू! खाली—"

ती थांबली नाही. एरवी दिव्याने चार ढांगांत तिला गाठलं असतं. आज ती चालत राहिली. माडांच्या आड मुलगी दिसेनाशी झाली, पाणंदीत नुसते पावलांचे आवाज, मग तेही नाहीत. दिव्याने ओठ घट्ट धरले आणि एक एक पाऊल टाकत राहिली.

मग खालून आवाज आला, आजीच्या भाषेतला, अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असा.

"आई गोऽऽ! आसा! घर आसा!"

आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, त्याहून मोठा. मथुराबाई स्वयंपाकघरातून ओरडत होत्या. "आसा ता आसा, पण ह्या मांजरान काय करून ठेवल्यान बघा! सुक्या बांगड्यांचा मडक्याच उपडा केल्यान! अख्खो गाव भायर गेलो, ह्या मेला आत बसान खाय होता! दिव्या! खंय रवली गो ती? येवक सांगा तिका, दुसऱ्या चुलीक फुकणी व्हयी!"

"इलंय, आई," दिव्या पाणंदीतून म्हणाली. कोणाला ऐकू गेलं नसेल. ती वाकली, तळव्यात रुतलेला खडा काढला आणि पुन्हा चालायला लागली.